उशाचं घड्याळ

आमच्या दादाला घड्याळ कळत नव्हतं, पण वेळ कळायची. १९७७ साली मी दहावीला होतो. परीक्षेच्या दिवसांत मला पहाटे चारला उठवायचं काम दादाकडं होतं. दादा अंगणात बाजेवर निजायचा. मधेच जागा व्हायचा, आभाळाकडं बघायचा आणि मला पायाच्या अंगठ्यानं ढोसायचा. "ऊठ, बाजलं कललं." बाजलं म्हणजे सप्तर्षी. म्हातारीचं बाजलं आणि ते चोरायला निघालेले तीन चोर, ही गोष्ट आमच्याकडं लेकराला बोलता यायच्या आधी ठाऊक होते. हिवाळ्यात दादा तिकांडं बघायचा, उन्हाळ्यात बाजलं. आभाळ भरून आलं की मात्र दादाचं घड्याळ बंद. मग लातूर रोड जंक्शनकडून वाऱ्यावर गाडीची शिट्टी आली तर तिच्यावर अंदाज, नाहीतर कोंबड्यावर.

आमच्या घरात पहिलं घड्याळ आलं ते माझ्या लग्नात, १९८० साली. सासऱ्यानं एचएमटीचं मनगटी घड्याळ दिलं आणि एक ट्रान्झिस्टर दिला. त्या काळी नवरदेवाचं एवढंच मागणं असायचं, घड्याळ, रेडिओ, फार तर सायकल. रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. त्याचं पुस्तक मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं. ट्रान्झिस्टरवर आम्हाला परभणी केंद्र चांगलं लागायचं. पेरणी, फवारणी, बाजारभाव आणि संध्याकाळची गाणी, सगळं परभणीवरूनच. पुढं १९९१ साली शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा दिल्लीच्या बातम्यांत 'चाकूरकर' हा शब्द आला की दादा हातातलं काम थांबवायचा. "आपल्या गावाचं नाव घेतलं बग," म्हणायचा. नावातलं का होईना, पण गाव दिल्लीच्या तोंडी आलं याचं त्याला फार.

मग १९९३ साल आलं. ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची हातभर माती, तीच माणसांच्या अंगावर आली. चाकूरला तसं काही झालं नाही. आमच्या माळवदाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली, उतरंडीची गाडगी फुटली, एवढंच. पण त्या रात्री अंधारात बायकोनं धाकट्याला छातीशी धरून जो उंबरा ओलांडला, तो परत त्या घरात निजायला म्हणून ओलांडला नाही. दोनतीन महिने सगळं गावच अंगणात, रानात, पालाखाली निजत होतं. हळूहळू माणसं घरात गेली. आम्ही गेलो नाही. मी आखाड्यावर पत्र्याचं घर उभं केलं. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा एकच हिशोब.

आखाड्यावर राहायला आलो तसा रातपाळीचा धंदा सुरू झाला. हीर आमची आणि चुलत भावाची, दोघांत एक. पाळी ठरलेली. दिवसा सगळ्यांच्या मोटारी चालू, त्यामुळं व्होल्टेज एवढं कमी की मोटार नुसती घुमायची. तशीच चालवली की जळायची. रात्री एकदोन वाजता भार कमी झाला की मोटार पाणी ओढायची. म्हणून रात्री दोनला उठायचं, स्टार्टर दाबायचा आणि गारठ्यात चिखलात उभं राहून दारं धरायची. दादा तोवर थकला होता. त्याला मोतीबिंदू झालेला, चांदण्या दिसत नव्हत्या. माझी झोप पडली गाढ. दिवसभर औतामागं चाललेला माणूस रात्री दोनला आपोआप कसा उठणार? चारदा झोप लागून पाळी गेली. चुलत भाऊ तोंडावर काही बोलला नाही. पण पाळी गेली की तास गेला, तास गेला की सारे कोरडे राहिले.

माझा एक वर्गमित्र सौदीला ड्रायव्हर होता. १९९८ साली सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला ही अडचण सांगितली होती. पुढच्या खेपेला येईल तेव्हा काहीतरी आणीन म्हणाला. पुढची खेप कशाची, जाताना त्यानं त्याच्या घरचंच उचलून मला दिलं. विटेएवढी काळी पेटी. पुढं काच, काचेत लाल आकडे. वर बटणं. तिच्यातच रेडिओ, तिच्यातच घड्याळ, तिच्यातच गजर. मला म्हणाला, "तुझ्या उशाला ठेव. दोन वाजता परभणी केंद्र तुला उठवंल."

बटणांवर सगळं इंग्रजी. दहावीच्या इंग्रजीवर मी वाचत बसलो. टाइम कळलं, अलार्म कळलं. स्लीप म्हणजे झोप, पण झोपेचं बटण कशाला? ते दाबलं की रेडिओ तासभर वाजतो आणि आपलं आपण बंद होतो, हे करून बघितल्यावर कळलं. स्नूझ हा शब्द मी बापजन्मी ऐकला नव्हता. शाळेतल्या गुरुजींना विचारला, त्यांनाही आला नाही. गजर वाजताना ते मोठं बटण दाबलं की पेटी गप्प होते आणि नऊ मिनिटांनी परत ओरडते. आळशी माणसासाठी केलेली सोय. मी ते बटण कधी दाबायचं नाही असं ठरवलं.

वेळ लावायची रीत अशी. टाइमचं बटण एका बोटानं दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटानं तासाचं बटण दाबायचं. तास पळतो. मग मिनिटाचं. गजर लावायचा तर टाइमच्या जागी अलार्म दाबून धरायचं, बाकी सगळं तेच. शेजारी एक सरकतं बटण. एकीकडं सरकवलं की गजराला रेडिओ वाजतो, दुसरीकडं सरकवलं की नुसतं टीं टीं. आकड्यांच्या डाव्या अंगाला एक बारका लाल ठिपका. ठिपका पेटला म्हणजे दुपार-संध्याकाळ, विझला म्हणजे रात्र-सकाळ. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. पहिला गजर दुपारी दोनला वाजला. आम्ही रानात होतो. परभणी केंद्र रिकाम्या घरात बोलत होतं आणि दादा एकटाच बाजेवर ऐकत बसला होता.

दुसऱ्या रात्री ठिपका बघून लावला. गजर झाला, पण रेडिओतून नुसतं खर्रर्र. मग डोक्यात उजेड पडला. रात्री केंद्र बंद होतं, ते पहाटे उघडतं. दोन वाजता परभणीत कोण जागं असणार? शेतकऱ्याला दोन वाजता उठावं लागतं, निवेदकाला नाही. मी बटण टीं टीं वर सरकवलं.

तरी तिसऱ्या रात्री घात झाला. संध्याकाळी सहाला रेडिओवर वेळ सांगितली तेव्हा घड्याळ बरोबर मिळवलं. रात्री गजर वाजला, मी उठलो, आकडे २:०० दाखवत होते. हिरीवर गेलो तर चुलत भावाची मोटार चालू. मी भांडायलाच उभा राहिलो. "माझी पाळी हाय, तू कसा काय चालू केलास?" तो म्हणाला, "किती वाजले बग. तुझी पाळी दोनला होती. साडेतीन होऊन गेले. पाणी वाया जाऊ द्यावं का?" माझा विश्वास बसेना. घरी येऊन खुंटीवरचं एचएमटी बघितलं तर पावणेचार. नवं घड्याळ सव्वादोनच्या आत.

चाकूरच्या एका वायरमननं पेटी उलटी केली, बघितली आणि हसला. तळाला नखाएवढा एक खिट्टा होता. एका बाजूला ५०, दुसऱ्या बाजूला ६०. तो म्हणाला, "हे घड्याळ चावीवर चालत न्हाई, तारेतल्या ठोक्यावर चालतंय. आपल्या लाइटीचे सेकंदाला पन्नास ठोके. सौदीत साठ. हे अजून सौदीतच हाय. साठ ठोके मोजल्याबिगर ते सेकंद झाला मनत न्हाई. आपल्याकडं पन्नासच येतात. मनून मागं पडलालंय." मी कागदावर हिशोब केला. तासाला दहा मिनिटं मागं. संध्याकाळी सहाला लावलेलं, त्याचे दोन वाजेपर्यंत आपले साडेतीन होऊन जाणार. चुलत भाऊ खरा होता. दोस्तानं व्होल्टेजचा खिट्टा तपासून दिला होता, म्हणून पेटी जळाली नाही, पण हा दुसरा खिट्टा राहून गेला होता. वायरमननं तो पन्नासवर सरकवला आणि म्हणाला, "आता हे इथलं झालं." मी चुलत भावाकडं जाऊन चूक कबूल केली. ते जरा जड गेलं.

त्या वायरमननंच आणखी एक सांगितलं. पन्नास ठोके म्हणायला पन्नास. भार फार झाला की ठोके मंदावतात. एकोणपन्नास झाले तर घड्याळ तासाला मिनिटभराहून जास्त मागं राहतं. खरंच, मोटारींच्या दिवसांत आमचं घड्याळ रोज थोडं थोडं मागं सरकायचं. म्हणजे शिवारातल्या सगळ्या मोटारींनी मिळून माझा वेळ ओढायचा, मग मी रेडिओच्या वेळेवर तो परत जागेवर आणायचा. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आभाळ आलं की माझं घड्याळ बंद, लाइट गेली की तुझं. फरक काय झाला?"

फरक होता. पेटीच्या तळाला एक लहान दार होतं आणि आत चौकोनी नऊ व्होल्टचा सेल होता. लाइट गेली की आकडे विझायचे, पण त्या सेलवर घड्याळ आतल्या आत मोजत राहायचं. लाइट आली की वेळ जवळपास बरोबर. सेल नसेल तर लाइट आल्यावर १२:०० पासून उघडझाप सुरू. मी दादाला तो सेल काढून दाखवला. "हे बगा, याच्या पोटात दुसरं घड्याळ हाय." दादानं तो हातात घेऊन वजन केलं आणि परत दिला.

बायकोला मात्र मी बजावून ठेवलं होतं. पेटीला हात लावायचा नाही. ती दुसरीपर्यंत शिकलेली, बटणं इंग्रजी. एकदा पुसता पुसता तिच्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि वेळ बदलली. मी पावण्यांसमोर बोललो तिला. "कळत न्हाई तर हात कशाला लावावा मानसानं?" ती काही बोलली नाही. फडकं घेऊन आत गेली.

पेटीनं पुढची सहा वर्षं मला उठवलं. सकाळी तिच्यावर परभणी लागायचं. पेटी थोडी वळवली की आवाज स्वच्छ यायचा, परत वळवली की बुडायचा. ट्यूबलाइट लावली की परभणी घुमायला लागायची, म्हणून बातम्यांच्या वेळेला आमच्या घरात अंधार. मागची वायर खिळ्याला टांगली तर एफएमवर नांदेड कधी लागायचं, कधी नाही. दादा २००१ साली गेला. शेवटच्या दिवसांत त्याला दिसत नव्हतं, तेव्हा रेडिओवर वेळ सांगितली की तो ती मोठ्यानं परत म्हणायचा, जसं काही कुणाला तरी कळवायचं आहे.

मधल्या काळात लाइटीचं वेळापत्रक आलं. एक आठवडा मोटारीला दिवसा लाइट, एक आठवडा रात्री. लोडशेडिंग तर इतकं की लाइट कधी जाईल आणि कधी येईल याला नेम राहिला नाही. गावात ज्याच्या त्याच्या घरी घड्याळ चुकलेलं. माझं तेवढं बरोबर. मी पारावर बसून सांगायचो, "आमच्या पेटीत सेल हाय. दहादा लाइट जाऊ द्या, पहाटंला टाइम बरोबर." लोक खरं मानायचे. मीही मानत होतो.

२००५ च्या जानेवारीत थोरल्या लेकीचं दुसरं बाळंतपण होतं. पहिलं आमच्याकडं झालं. या वेळी जावयाची नोकरी चिंचवडला, लेकीला सासू नाही, म्हणून बायको सव्वा महिन्यासाठी तिकडं गेली. जाताना मला सगळं सांगून गेली. पीठ कुठं, हरभऱ्याची डाळ कुठं, म्हशीला पेंड किती. घड्याळाचं काही सांगितलं नाही.

तो आठवडा रातपाळीचा होता. गहू पोटरीत आलेला. मी गजर लावून निजलो. जाग आली तेव्हा पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलेलं. पेटीवर आकडे उघडझाप करत होते, ३:१२. बाहेर तर उजाडून म्हशीच्या धारेची वेळ टळून गेलेली. मी समजलो, काहीतरी एकदा झालं असेल. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी तीनदा आपोआप दचकून उठलो आणि चौथ्यांदा, नेमका गरजेच्या वेळेला, मेल्यासारखा झोपलो. त्या आठवड्यात माझ्या दोन पाळ्या गेल्या. गव्हाला पाणी मिळायचं त्या वेळी मिळालं नाही. त्या साली आमच्या गव्हाचा दाणा बारीक पडला. खळ्यावर मूठ उघडून बघितली की मला ती उघडझाप दिसायची.

पेटी बिघडली असं धरून मी ती पिशवीत घालून लातूरला घेऊन गेलो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं ती उघडली, तार लावली, दहा मिनिटं बघितली. "काही झालेलं न्हाई हिला," म्हणाला. मग तळाचं दार उघडलं. सेल फुगून फुटला होता. त्याचं पाणी वाळून हिरवा-पांढरा थर झाला होता आणि पत्र्याच्या पट्ट्या खाऊन गेल्या होत्या. मेस्त्री म्हणाला, "हा सेल मरून चारपाच वर्षं झाली असतील. एवढी वर्षं टाइम कसा दाखवत होती?"

मी त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून राहिलो. चार वर्षं. रात्रीतून किती वेळा लाइट जात होती आणि येत होती. लाइट आली की पेटीनं १२:०० पासून सुरू करायला पाहिजे होतं. पण पहाटे वेळ बरोबर असायची आणि दोनला गजर व्हायचा. दिवसा कधी आकडे उघडझाप करताना दिसले तर ते मी लावायचो. रात्रीचे कोण लावत होतं?

चाकूरला आल्यावर बूथवरून जावयाच्या मोबाइलला फोन लावला. लेकीचं, बाळाचं विचारलं. मग बायकोला म्हणालो, "ते घड्याळ..." पुढचं मला बोलता येईना. ती तिकडून हसली.

"बंद पडलं व्हय? मला वाटलंच व्हतं. मी निघताना सांगनार व्हते, पर मनलं तुमी कावताल. हात लावायचा न्हाई मनून सांगितलं व्हतं तुमी."

"तुला लावायला कुनी शिकवलं?"

"तुमी लावताना रोज बगत न्हवते का? एक दाबून धरायचं, दुसरं मारायचं. त्यात काय शिकायचं?"

बूथवाल्याच्या मशीनवर पैसे पळत होते. मी म्हणालो, "मग चार वर्षं रोज रातच्याला उठत व्हतीस? माझ्या पाळीसाठी?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "पाळीसाठी बी," म्हणाली. "आल्यावर सांगते."

ती आल्यावर एका रात्री अंधारात सांगितलं. भूकंपाच्या रात्रीपासून तिला सलग झोप नव्हती. रोज मध्यरात्रीनंतर कधीतरी जाग यायची आणि मग अंग ताठ. पत्रा वाजला, म्हशीनं पाय आपटला, तरी छाती धडधडायची. आणि मनात एकच, ती वेळ झाली का? होऊन गेली का? अंधारात कळायचं नाही. पेटी आली आणि अंधारात आकडे दिसायला लागले. ती त्यांच्याकडं बघत पडायची. ३:५० झाले, ३:५५ झाले, ३:५६ झाले. ३:५७ झाले की तिला झोप लागायची. आजची रात्र गेली, म्हणायची. मग सेल मेला आणि लाइट गेल्यावर आकडे उघडझाप करायला लागले. उघडझाप करणाऱ्या घड्याळात ३:५६ कधीही येऊ शकतात. ते तिला सहन होईना. म्हणून ती उठायची, खुंटीवरचं एचएमटी काढायची, बॅटरीच्या उजेडात बघायची आणि पेटी लावायची. रात्रीतून दोनदा, तीनदा. लाइटच नसली तर एचएमटी हातात धरून बसायची. रातपाळीच्या आठवड्यात मी दोनला उठून गेलो की ती एकटी. मी दारं धरून पहाटे येईपर्यंत आकडे आणि ती.

"तुमाला सांगून काय करायचं व्हतं?" ती म्हणाली. "तुमी दिवसभर राबून आलेले. भ्या तर माझं व्हतं."

आमचं लग्न होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती. आम्ही एका पत्र्याखाली निजत होतो, तिच्या आणि माझ्या उशाला एकच घड्याळ होतं. मला वाटायचं तिला आकडे कळत नाहीत. पावण्यांसमोर बोललो होतो ते मला त्या रात्री शब्दाशब्दानं आठवलं. माफी मागायची आमच्याकडं रीत नाही. दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन त्या मेस्त्रीकडून पट्ट्या बदलून घेतल्या, नवा सेल बसवला आणि पेटी तिच्या बाजूला ठेवली. एकदा शिकवायला म्हणून बसलो, तर तीच मला म्हणाली, गजर लावताना तुमी उगंच दोनदा दाबता, एकदाच दाबलं तरी होतंय. तेही खरं निघालं.

तेव्हापासून वर्षातून दोनदा मी सेल बदलतो, एक पोळ्याला आणि एक संक्रांतीला. हे काम मी कुणाला सांगत नाही.

आता मी पासष्ट वर्षांचा आहे. शेतात सौर पंप बसलाय, पाणी उन्हात चालतं, रात्री चिखलात उभं राहायचं राहिलं नाही. माझ्या पोरानं रात्रीची दारं धरली, नातवाला ती धरावी लागणार नाहीत असं दिसतंय. गजर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. धाकट्यानं सिमेंटचं पक्कं घर बांधलंय, पायापासून लोखंड घालून. म्हातारी त्यात निजायला लागली, पण पेटी बरोबर घेऊन गेली.

पेटीला आता सत्तावीस वर्षं झाली. रेडिओचा आवाज फाटलाय. मिनिटाच्या शेवटच्या आकड्याची डावीकडची खालची दांडी पेटत नाही. त्यामुळं आठाचे नऊ दिसतात आणि सहाचे पाच. नातू म्हणाला, आजी, टाकून दे, नवं आणतो. मी म्हणालो, मेस्त्रीकडं नेतो, दांडी बसवून आणतो.

ती म्हणाली, "राहू द्या. चांगलं झालंय ते. तीन पंचावन्न दोन मिन्टं राहतंय, मग एकदम सत्तावन्न. छप्पन आता येतच न्हाई."